मागच्या फळीवर

नाही मिस्त्रीजी, दहा नाही — दहा मण सांगूच नका तुम्ही साहेबाले. आठ सांगा. आठ म्हणलं तर तुमचं काय जाते? अख्ख्या गोंदियात ह्या लहान ट्रॅक्टरचं पोट खोलणारे तुम्ही एकटे, दुलीचंद मिस्त्री म्हणलं का टांगेवाला न विचारता इथं आणून सोडते — तुमच्या तोंडातून निघालं तेच साहेब लिहिणार. चार वाजता ठाण्यात येऊन राहिला ना तो चौकशीचा साहेब? मले ठाण्यातच कळलं. पहिला सवाल हाच करणार तो, का हे पुढचं सूप किती वजन उचलते. तुम्ही म्हणायचं, आठ मण. दगड होता नऊ मणाचा. म्हणजे चूक डायवरची, कागद बंद. पाना ठेवू नका, काम करत करतच ऐका. मी कोण? सांगतलं ना आल्या आल्या — कवडू. कामठ्याच्या अलीकडं आमचं गाव. ज्याच्या अंगावर दगड पडला तो सुकराम माझा भाऊ. मोठा. आज नववा दिवस आहे, उद्या दहावा. उद्या मले डोकं भादरून पिंड ठेवायचा आहे, अन् त्याच्या आधी हे निपटलं पाहिजे. म्हणून पहाटेच निघालो, पायी. तहान? नाही, पाणी नको. मी काही पाणी प्यायले नाही आलो.

सूप म्हणजे हेच हो, हे पुढचं लोखंडी खोरं, दोन हातांवर वर जाते ते. तुम्ही लोडर म्हणता, आमच्या गावच्या बाया सूप म्हणतात. हे मशीन गावात आलं त्या दिवशी सारा गाव तलावाच्या पाळीवर, बांधावर येऊन बसला होता. तलावात उतरून यानं गाळाचा पहिला घास घेतला, वर उचलला, अन् आमचा गुलाबचंद बुढा म्हणते, "सुकराम, तुझ्या पंजानं, आज्याच्या बापानं, चाळीस जोड्या बैल लावून हा तलाव बांधला, अन् तू सुपानं पाखडून राहिला काय रे?" सारे हसले. दादाही हसला. दादा म्हणे, "काका, बैलाले चारा लागते, हे तेल पिते अन् शेण टाकत नाही, तुमच्या सुनेचा ताप वाचला." असा होता तो. कोहळी जातीचं पोर, मिस्त्रीजी — तलाव बांधणं आमच्या रक्तात आहे. पाणी कुठून येईल, पाळ कुठं फुटेल, ते तो जमिनीवर पाय घासून सांगे. दुसरी पास होता फक्त. मी तेवढाही नाही.

तर तुडुमाचं काम. तुडूम तुम्हाले ठाऊक असणार — पाळीच्या पोटातून पाणी सोडायची मोरी, तिच्या तोंडावर मोठा दगड बसते. जुना दगड फुटला होता, पाणी झिरपून राहिलं होतं, खालची सारी धानाची बांधी त्याच पाण्यावर. मिरग आठ दिवसांवर. पहिले असा दगड सोळा माणसं बल्ल्यांवर उचलत. दादा म्हणे, मशीन आलंच आहे ठेकेदाराचं गाळ काढायले, तर दगडही त्यानंच बसवू, कोणाची कंबर नको मोडायले. अन् तो काही आंधळा नव्हता हो! दोन दिवस बकारामच्या मागं मागं फिरला — बकाराम म्हणजे डायवर, देवरीकडचा, आता हवालातीत आहे तो — त्याले विचारून विचारून हैराण केलं त्यानं. किती उचलते? दहा मण. कुठं ठेवलं तर दहा मण? सुपाच्या मुळाशी, जिथं ते हातांले जोडलेलं आहे तिथं. अन् ओठावर, साखळीनं टांगलं तर? तर आठ-नऊ. काऊन कमी? बकारामले सांगता येईना. दादानंच मले सांगतलं मंग, जेवताना. म्हणे, कवडू, बाई भरली घागर कमरेवर घेऊन कोसभर जाते का नाही? तीच घागर तिले हात लांब करून धरायले सांग — दहा पावलं जाईल. घागर तेवढीच, बाई तीच. वजन अंगापासून लांब गेलं का जड होते. अन् म्हणे, उचलणं एक अन् उभं राहणं एक. तेलाच्या जोरानं हे हात बारा मणही उचलतील, पण ट्रॅक्टर उभा राहायले पाहिजे ना? लहान मशीन आहे, अंगात वजन नाही. गाडी धुरजड झाली का बैलाच्या मानेवर येते, इथं बैल नाहीत — इथं मागची चाकं उठतील. अन् सगळ्यात नाजूक जागा कोणती, सांगू? सूप कमरेइतकं उचललं जाते ना, तेव्हा. खाली असते तेव्हा हात आखडते असतात, पार वर गेले तरी आखडते होतात, मधात मात्र सरळ पुढं, पूर्ण लांब. तिथून पार झालं का भेव नाही. पाहा — एवढं त्याले समजत होतं. एवढं समजणारा माणूस मेला, अन् ज्याले काही समजत नाही तो इथं तुमच्यापुढं बोलून राहिला.

म्हणूनच तर म्हणून राहिलो, आठ सांगा.

काय? पेटी? हो, मागची पेटी. दगड भरलेली लोखंडी पेटी मागं लावतात, तोल राहायले — ठाऊक आहे मले. पण ती होती कुठं, मिस्त्रीजी? ती इथं होती! तुमच्या ह्याच दुकानात, त्या कोपऱ्यात! कडी तुटली म्हणून आदल्या दिवशी बैलबंडीवर घालून पाठवली, अन् तुम्ही सांगतलं परवा घेऊन जा. परवा! एक कडी सांधायले दोन दिवस! तुम्ही त्याच दिवशी हात लावला असता तर माझा भाऊ आज — नाही. नाही, बसा. चुकलो मी. पाया पडतो. तुमच्यावर नाही ढकलत. दादा तर म्हणतच होता, पेटी येऊ दे, दोन दिवसांनी काही तलाव पळून जात नाही. तो थांबायले तयार होता. ज्यानं घाई केली तो — आता मेल्यामागं कोण कोण काय बोललं ते कायले काढायचं. मी म्हणलं. मीच म्हणलं, दादा, पेटीत दगड काय अन् माणूस काय, वजन ते वजन. सहा मणाची पेटी आहे, तिघं बसू मागं, कमी कुठं पडते? बकाराम नाहीच म्हणत होता. दादानं बोटं मोजली, माझ्याकडं पाहिलं, म्हणे, तिघं मिळून साडेपाच मण भरता, चालते. पण एक शर्त — दगड बसेपर्यंत कोणी हलायचं नाही. आम्हाले बसायले ही मागची फळी त्यानंच बांधली. पाहा, गाठ अजून त्याचीच आहे. तुम्ही सोडली नाही, बरं झालं.

हो, बसलो होतो ना. तिघंही. मी अन् दोन गडी. तसंच लिहून दिलं मी ठाण्यात, अंगठा दिला — का आम्ही तिघं मागं बसलो होतो, डायवरनं जास्त वजन उचललं, झटका दिला, मशीन पुढं कललं. त्या दोघांनीही तेच सांगतलं. काऊन नाही सांगणार? मेलेल्याचा भाऊ जे सांगते त्याच्या उलट कोण जाईल गावात.

बकाराम ओरडला होता का? तुम्हाले कोणी सांगतलं? तो स्वतः? तुम्ही हवालातीत गेले होते त्याले भेटायले? ... नाही ओरडला. म्हणजे — गलका होता हो, मिस्त्रीजी, ढोल होता, बाया होत्या, काय ऐकू येणार. काहीतरी ओरडला असेल. "बैठे रहो, कोई उतरना नहीं" — असं काही. मले ऐकू नाही आलं. मी सांगतो ना, नाही आलं!

उभे काऊन झाले तुम्ही? हे पोते कायले ओढून राहिले? धानाचे आहेत का, गिरणीचे? ... दोन-दोन मणाचे. बरं. मग? नाही, पाहायचं काय त्याच्यात, तुम्ही तोंडानं सांगा ना, किती उचलते. साहेबाले तोंडानंच सांगायचं आहे. ... बरं, धरतो. सोडा तुम्ही, मी टाकतो, तुमची उमर नाही. चार? चारच? साखळीनं टांगायचे, ओठावर, दगडासारखेच — हो, अशीच होती साखळी. अशीच. हिची ही कडी पाहा, सपाट झाली, ही दगडाखाली — ही नका लावू. दुसरी लावा. ही मी पाहू शकत नाही.

वहिनीनंच पाठवलं मले, खरं सांगायचं तर. रुख्मा वहिनी. मी माझ्या मनानं आलो असं समजू नका. मी तर घरातून निघत नव्हतो. झालं असं का परवा बकारामची बायको आली आमच्या घरी. देवरीवरून मोटारनं, कडेवर लेकरू. मले वाटलं रडेल, पाया पडेल. नाही. ओसरीवर येऊन बसली. वहिनी उठली, तिले पाणी दिलं. ज्यानं नवरा मारला त्याच्या बायकोले पाणी! मी म्हणलं, वहिनी, हाकला तिले. वहिनी म्हणे, "भाऊजी, तिचं लेकरू तहानेलं आहे." बस्स. दोघी बसून राहिल्या ओसरीच्या दोन टोकांले. ती गेल्यावर वहिनी आत गेली अन् नारळ घेऊन आली. माझ्यापुढं ठेवला. म्हणे, "त्यांचा शेला आणायले गेली होती ना मी तुडुमाजवळ, तिथं सापडला. खड्ड्याच्या तोंडाशी. पुढं."

तुम्हाले नाही समजणार. आमच्या घरची रीत आहे ती. तुडुमाचा दगड बसवताना नारळ फोडतात, पण बसल्यावर नाही — दगडानं भुई सोडली, का फोडायचा. अन् फोडायचा घरातल्या सगळ्यात लहान भावानं. पंजाच्या वेळचं चालत आलेलं. दगड उठला, का लहान भाऊ धावत जाऊन त्याच्या खालच्या भुईवर नारळ आपटते — का बाई, आमचं ओझं उतरलं तुझ्यावरून, आता पाणी सांभाळ. मंग गावभर खोबरं. मी सात वर्षांचा होतो तेव्हापासून वाट पाहून राहिलो होतो, मिस्त्रीजी. मधात कधी दगड बदललाच नाही. दादानं सकाळीच सांगतलं होतं, "कवडू, ह्या वेळी रीत मोडू. तू मागं बस. नारळ बसल्यावर फोडजो, पंजा काही उठून येत नाही विचारायले." मी हो म्हणलं. नारळ मांडीवर घेऊन बसलो होतो ह्या फळीवर. मधात मी, इकडं एक गडी, तिकडं एक.

तर वहिनी म्हणे, नारळ मांडीवर होता तुमच्या, मागं. मंग पुढं कसा गेला? मी म्हणलं, उडाला असेल, झटका बसला ना. तिनं नारळ उचलून आत नेला. आज पहाटे शिदोरी बांधून दिली, म्हणे गोंदियाले जाऊन या, मशीन ज्यानं पाहिलं त्याले विचारून या, माणूस मागं बसलेला असता तर पडलं असतं का? एवढंच विचारून या. अर्ध्या रस्त्यात भात खायले गाठोडं सोडलं तर आत भात अन् नारळ. हा पाहा.

म्हणजे तेच मी विचारून राहिलो तुम्हाले आल्यापासून! पडलंच असतं ना? तिघं बसले असते — बसलो होतो — तरी पडलंच असतं. हो म्हणा. लहान मशीन आहे, तुम्हीच म्हणता. खाली गाळ होता, उतार होता थोडा. तुम्ही एक वेळा हो म्हणा, मी उठून जातो, आठ नका सांगू, दहा सांगा, काहीही सांगा.

मी? मी बसू? फळीवर? ... कायले? एकट्यानं काय कळणार, आम्ही तर तिघं होतो. नको मिस्त्रीजी. पोते टांगले तेवढं बहुत झालं. ... बरं. बरं, बसतो. ओढू नका, बसतो मी. हात सोडा.

बसलो. तुम्ही वर नाही बसत? इंजन चालू करून खालूनच दांडी ओढता? हां, म्हणजे तुमचं वजन नको. समजलं. फक्त माझं.

हळू. हळू ओढा. उठून राहिले पोते. बकारामनंही असंच उचललं होतं, हळू — झटका नव्हता हो दिला त्यानं. नव्हता दिला. तेल कसं दुधासारखं चढत होतं. दगडानं भुई सोडली, वीतभर, अन् पाळीवर बायांनी आवाज केला, ढोल वाजला. दादा खड्ड्यात होता, पहार घेऊन, दगडाचं तोंड जाग्यावर आणायले. त्यानं वर पाहिलं. माझ्याकडं पाहून हसला — का, पाहा, उचललं ना? मले वाटलं तो बोलावून राहिला. आता वाटते नाही, तेव्हा वाटलं. सूप कमरेइतकं आलं होतं. मी उडी मारली.

थांबवा! थांबवा तिथंच, वर नका नेऊ. कमरेवरच ठेवा.

मी उडी मारली, मिस्त्रीजी. नारळ घेऊन. मी उतरलो म्हणून त्या दोघांले वाटलं झालं काम, तेही उतरले. बकाराम ओरडला — "बैठे रहो! बैठे रहो!" — मी ऐकलं. चाकाजवळून धावताना ऐकलं. मले वाटलं रोज ओरडते तो, डायवर लोक ओरडतात. मी चार पावलं गेलो असेन, अन् माझ्या मागं काहीतरी उठलं — मागची चाकं, मी वळून पाहिलं तर हवेत, आपोआप फिरून राहिलेली. अन् पुढं दादाचं ते हसू अजून तोंडावर तसंच होतं. त्याले वेळच नाही मिळाला ते पुसायले.

पाहा ना चाक. जमिनीवरच आहे. किती हलकं झालं तरी जमिनीवरच आहे. आठ मण ओठावर, अन् मागं मी एकटा — दोन मणाचा माणूस — तरी उभं आहे. तिघं असतो तर? मी मधात होतो, मी नसतो हललो तर ते दोघंही नसते हलले. तिघं बसलो असतो तर नऊ मण उभं राहिलं असतं ना? दादानं मोजलं होतं. बोटांवर मोजलं होतं त्यानं, बरोबर मोजलं होतं. त्यानं माझं वजन मोजलं, मिस्त्रीजी. मी त्याच्या हिशेबात होतो.

आता खाली घेता? नाही. थांबा. दांडीले हात लावू नका. इंजन बंद करा पाहिजे तर, तेल धरून ठेवते ना? धरते. मंग राहू द्या असंच. मी उतरलो तर हे पडते, मी बसलो तर उभं राहते — हो ना? एवढं मलेही समजते आता. पोते खाली आले का मी पळतो. मले माझं माहीत आहे. मी दरवाजातून निघेन, कामठ्याच्या रस्त्याले लागेन, उद्या डोकं करून पिंड ठेवेन अन् साऱ्या गावापुढं रडेन, अन् बकाराम तिकडं सडत राहील. तोंड आहे माझं, पण पाय माझे नाहीत.

किती वाजले? तीन? मंग एक तासाचं काम आहे. चौकशीच्या साहेबाले ठाण्यात नका बसू देऊ, इथं घेऊन या. त्याले म्हणा, मशीन दहा मण मुळाशी उचलते, आठ-नऊ ओठावर, अन् मागं माणूस लागते. बाकीचं मी सांगतो, ह्याच फळीवर बसून. हवालातीतून बकारामलेही आणा म्हणा, जमलं तर. त्यानं पाहिलं पाहिजे का मी बसलो आहे.

तुम्ही काऊन माझ्याकडं असं पाहून राहिले? जा ना. पाणी नको म्हणलं ना. नारळ राहू द्या माझ्याजवळ. नाही, काही नाही करत मी, हलतही नाही. जा मिस्त्रीजी. मी बसलो आहे.